पॅच निघाला, यंत्रापर्यंत कधी पोचणार?

रिअल-टाइम कर्नलमध्ये उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते ठरल्या वेळेत यावं लागतं, हे आपण पाहिलं. आता अपडेटकडे येऊ. जुलै २०१९ मध्ये आर्मिसच्या संशोधकांनी विंड रिव्हरच्या व्हीएक्सवर्क्समधल्या नेटवर्क स्टॅकमध्ये ११ त्रुटी जाहीर केल्या. त्यांतल्या ६ गंभीर, दुरून कोड चालवू देणाऱ्या. विंड रिव्हरनं पॅच दिले. पण आपल्या फोनसारखं रात्री लावलं आणि सकाळी तयार, असं इथं होत नाही हो! रुग्णाच्या उशाशी असलेल्या मॉनिटरचा उत्पादक तो पॅच आधी स्वतःच्या फर्मवेअरमध्ये घालणार, सगळ्या वेळा पुन्हा तपासणार; मग रुग्णालय यंत्र बंद ठेवायला मुहूर्त शोधणार. तोवर ते यंत्र आपण वेगळ्या नेटवर्कवर, फायरवॉलच्या आड ठेवतो.