क्रमवारीची किंमत

संगणकाच्या स्मृतीत माहिती कोणत्या स्वरूपात मांडून ठेवावी, यासाठी ज्या ठरावीक पद्धती आहेत त्यांना विदासंरचना किंवा रूढ शब्दांत डेटा स्ट्रक्चर म्हणतात, आणि ती माहिती एखाद्या निकषाने चढत्या वा उतरत्या क्रमात लावण्याला सॉर्टिंग. पाठ्यपुस्तकांत हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येत असल्याने त्यांचे नाते झाकलेलेच राहते. वास्तविक माहिती कशी ठेवली आहे यावरूनच ती क्रमाने लावण्याची गरज आहे का आणि त्यासाठी किती कष्ट पडतील, हे ठरते.

क्विकसॉर्ट या पद्धतीचा उगम याची साक्ष देतो. १९५९ साली टोनी होअर हे तरुण इंग्रज अभ्यासक मॉस्को विद्यापीठात यांत्रिक भाषांतराच्या प्रश्नाकडे वळले. त्या काळी रशियन-इंग्रजी कोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमे नोंदलेला असे, आणि फीत तर एका टोकापासून सलगच वाचत जावी लागते. त्यामुळे वाक्यातील शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने शोधायचे म्हटले, तर प्रत्येक शब्दासाठी ती पुढेमागे फिरवत बसावे लागले असते. वाक्यातले शब्दच आधी वर्णानुक्रमे लावून घेतले, तर मात्र फितीच्या एका फेरीत सगळे अर्थ हाती येतात.

होअर यांना पहिल्यांदा सुचली ती पद्धत आज बबल सॉर्ट या नावाने ओळखली जाते. ३४, १२, ७१, ५, ४८, २०, ६३ ही यादी घेतली, तर तीत शेजारशेजारच्या दोन संख्यांची तुलना करत जायचे आणि डावीकडची मोठी असेल तर अदलाबदल करायची. पहिल्या फेरीअखेर यादी १२, ३४, ५, ४८, २०, ६३, ७१ अशी होते, म्हणजे सर्वांत मोठी संख्या तेवढी शेवटी जाऊन बसते आणि बाकीच्यांसाठी पुन्हा फेऱ्या घालाव्या लागतात. सर्व फेऱ्या पुऱ्या केल्या तर सात संख्यांना २१ तुलना लागतात, हे फारसे खटकत नाही. पण दहा लाख नोंदींना हाच हिशेब सुमारे ५० हजार कोटी तुलनांवर जातो. समजायला सोपी एवढ्याच कारणाने ही पद्धत अभ्यासक्रमांत मानाचे पान मिळवून बसली आहे, आणि ते तिच्या योग्यतेहून अंमळ अधिकच आहे.

होअर यांना त्यानंतर सुचलेल्या युक्तीत यादीतील एक संख्या आधार म्हणून निवडतात. ३४ हा आधार धरला, तर सहा तुलनांत १२, ५, २० हे एका बाजूला आणि ७१, ४८, ६३ हे दुसऱ्या बाजूला जातात. ३४ची जागा कायमची ठरते आणि दोन्ही गटांतील संख्यांची परस्परांशी तुलना करण्याचे कारणच उरत नाही. प्रत्येक गटावर हीच कृती केली की वरील यादी एकूण ११ तुलनांत लागते. पुढे लंडनच्या एलियट ब्रदर्स कंपनीत होअर यांच्याकडे डोनाल्ड शेल यांची क्रमवारी पद्धत संगणकावर बसवण्याचे काम आले. ते संपल्यावर, याहून वेगवान पद्धत आपल्याला ठाऊक आहे, अशी सहा पेन्सची पैज त्यांनी वरिष्ठांशी लावली आणि जिंकली.

एक गट हाताळत असताना दुसरा कुठे नोंदवून ठेवायचा, हा प्रश्न होताच. त्यासाठी स्टॅक ही रचना वापरतात, जिच्यात शेवटी ठेवलेली नोंद सर्वांत आधी बाहेर येते. एखादी कृती स्वतःलाच पुन्हा बोलावते तेव्हाही बहुतेक संगणकभाषा पडद्याआड स्टॅकच सांभाळत असतात. क्विकसॉर्टमध्येही एक खोट आहे: दर वेळी पहिलीच संख्या आधार म्हणून घेतली आणि यादी आधीपासूनच क्रमाने असली, तर एका बाजूचा गट रिकामा राहत जातो आणि तुलनांची संख्या पुन्हा बबल सॉर्टइतकीच होते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडलेल्या मर्ज सॉर्टला हा धोका नाही, कारण ती यादीचे सरळ अर्धे अर्धे भाग करून, लावलेले भाग एकमेकांत मिसळत नेते. दहा लाख नोंदींना तिला सुमारे दोन कोटी तुलना पुरतात, मात्र अ‍ॅरेवर वापरताना तिला सहसा जादा स्मृती लागते.

अ‍ॅरे म्हणजे स्मृतीतील सलग जागांवर मांडलेली यादी, जिच्यातील कोणत्याही क्रमांकाच्या नोंदीवर थेट जाता येते. ती एकदा क्रमाने लावली की दर वेळी मधली नोंद पाहून अर्धी यादी वगळत गेल्यास दहा लाखांतील हवी ती नोंद फार तर २० तुलनांत सापडते. परंतु अशा यादीच्या मध्ये नवी नोंद घुसवायची, तर पुढच्या सगळ्या सरकवाव्या लागतात. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता जवळ बाळगते, म्हणून तेथे दोन पत्ते बदलले की काम झाले. पण मधल्या नोंदीवर उडी घेता येत नाही आणि होअर यांच्या फितीसारखेच टोकापासून चालत यावे लागते.

क्रमवारीच्या या सर्व पद्धतींना दोन नोंदींपैकी आधी कोणती येणार, एवढेच समजावे लागते, आणि ते माणसाने सांगावे लागते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रणालीत, ‘ळ’चा क्रमांक ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी आहे, तर मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. केवळ संकेतांकांवर विसंबून मराठी शब्द लावले, तर ‘काळ’ हा ‘कास’च्या आधी जातो. क्विकसॉर्ट असो वा मर्ज सॉर्ट, हा दोष तसाच राहतो. तो काढायचा तर वर्णमालेचा क्रम तुलनेच्या नियमातच वेगळा नोंदवावा लागतो.