२०२४ चे पहिले सहा महिने : सलग ऐकावेत असे ६ इंडी अल्बम

गाणी तर आपण रोजच ऐकतो. पोळ्या लाटताना, ट्रेनमध्ये, जिममध्ये, रात्री झोप येत नाही तेव्हाही. पण एखादा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत तुम्ही शेवटचा कधी ऐकला होता, आठवतंय का? कॅसेटच्या काळात एक बाजू संपली की ती उलटून दुसरी लावली जायची. आता ॲप आपल्यासाठी गाणी निवडतं आणि आवडलं नाही की बोट लगेच ‘नेक्स्ट’कडे जातं.

म्हणूनच २०२४ मध्ये जानेवारी ते जून या काळात आलेल्या इंडी अल्बमची क्रमवारी लावताना आम्ही एकच कसोटी ठेवली आहे : सलग ऐकताना ‘नेक्स्ट’ दाबायचा मोह किती कमी होतो?

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या म्युझिक कंपन्यांच्या बाहेर राहून, छोट्या स्वतंत्र लेबलमार्फत किंवा स्वतःच्या बळावर काढलेलं संगीत. इथे हिट होण्याचं दडपण कमी असतं, त्यामुळे घरातली, वयाची, मनातली गोष्ट मोकळेपणाने सांगता येते. चला तर, सहाव्या क्रमांकापासून सुरुवात करूया.

६. किम गॉर्डन : ‘द कलेक्टिव्ह’

हा अल्बम मार्चमध्ये आला तेव्हा किम गॉर्डन ७० वर्षांच्या होत्या. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘सॉनिक यूथ’ या बँडच्या त्या संस्थापकांपैकी एक. या वयात त्या भजनाकडे वळल्या नाहीत, तर कानठळ्या बसवणाऱ्या बीट्सकडे वळल्या! पहिलंच गाणं म्हणजे चक्क प्रवासाला निघताना बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी. बॅग भरणं हे काम घरात ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना हसूही येईल आणि आतली घालमेलही कळेल. मात्र आवाज फारच कर्कश आहे. एका बैठकीत सगळा अल्बम पचवणं कठीण, म्हणून क्रमांक सहावा.

५. जेसिका प्रॅट : ‘हिअर इन द पिच’

वेळच मिळत नाही, अशी तक्रार असेल तर इथून सुरुवात करा. ९ गाणी आणि एकूण जेमतेम २७ मिनिटं. म्हणजे वरण-भाताचा कुकर होऊन वाफ जिरेपर्यंत अल्बम संपतोसुद्धा. लॉस एंजेलिसच्या या गायिकेचा हा पाच वर्षांनंतरचा अल्बम. साठच्या दशकातल्या रेडिओवरून येतोय असा आवाज, हलकी गिटार आणि कुठे कुठे बोसा नोव्हाचा डौल. तक्रार एवढीच की सगळी गाणी एकाच मूडमध्ये आहेत. पहिल्यांदा ऐकताना ती एकमेकांत मिसळून जातात. दुसऱ्यांदा ऐकलंत तर वेगळी होतात.

४. सिंडी ली : ‘डायमंड ज्युबिली’

आता याच्या अगदी उलट टोक. ३२ गाणी, दोन तासांहून जास्त! सिंडी ली हे कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगल यांनी मंचावर घेतलेलं रूप. मार्चअखेर आलेला हा अल्बम स्पॉटिफायवर टाकलाच नाही. यूट्यूबवर सलग एकच फाइल आणि जुन्या काळातल्या वाटाव्यात अशा साध्या वेबसाइटवर डाउनलोड, त्यासाठी सुचवलेली रक्कम ३० कॅनेडियन डॉलर. तरीही ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने त्याला १० पैकी ९.१ गुण दिले आणि तो सगळीकडे पोहोचला. गाणी धुरकट, गोड आणि थोडी भुतासारखी आहेत. दोन तास एकदम काढणं शक्य नसेल, तर दोन रविवारी अर्धा अर्धा ऐका.

३. वॉक्सहॅची : ‘टायगर्स ब्लड’

नावाने घाबरू नका. ‘टायगर्स ब्लड’ हा अमेरिकेत बर्फाच्या गोळ्यावर घालतात तो लालभडक सरबताचा एक प्रकार, आपल्याकडच्या कालाखट्ट्यासारखा. अलाबामात वाढलेल्या केटी क्रचफिल्ड ‘वॉक्सहॅची’ या नावाने गातात. २०१८ साली त्यांनी दारू सोडली आणि तेव्हापासून त्यांच्या गाण्यांत एक स्वच्छ प्रकाश आला आहे. इथलं ‘राइट बॅक टू इट’ हे गाणं नव्या प्रेमाचं नाही, तर जुन्या, मुरलेल्या नात्याचं आहे. भांडण होतं, मन दूर जातं आणि पुन्हा त्याच माणसाकडे परत येतं. लग्नाला दहा वर्षं झालेल्यांसाठी प्रेमगीतं कितीशी लिहिली जातात? जोडीदारासोबत ऐकायचा हा अल्बम आहे.

२. एड्रियन लेंकर : ‘ब्राइट फ्यूचर’

‘बिग थीफ’ या बँडच्या गायिकेने मोजक्या मित्रांसोबत जंगलातल्या एका स्टुडिओत हा अल्बम थेट टेपवर रेकॉर्ड केला. चुका पुसून गुळगुळीत केलेलं इथे काही नाही. पियानोची कुरकुर, श्वास, सगळं ऐकू येतं. पहिलं गाणं बालपणाबद्दल आहे. घरातला कुत्रा गेला तेव्हा मुलीने आईला पहिल्यांदा रडताना पाहिलं, एवढाच प्रसंग. पण मुलं आपल्याकडे किती बारकाईने बघत असतात आणि ते किती वर्षं जपून ठेवतात, हे ते गाणं कोणताही उपदेश न करता सांगून जातं. ऐकून झाल्यावर आईला फोन करावासा वाटेल.

१. बेथ गिबन्स : ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’

१९९४ सालच्या ‘डमी’ या गाजलेल्या अल्बममुळे ‘पोर्टिसहेड’ हा ब्रिटिश बँड जगभर पोहोचला. त्याच बँडच्या गायिका बेथ गिबन्स हा अल्बम आला तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. मे महिन्यात आलेली ही १० गाणी तयार व्हायला साधारण दहा वर्षं लागली. त्या काळात त्यांनी अनेक जवळच्या माणसांना निरोप दिला. विषय आहेत आईपण, चिंता, रजोनिवृत्ती, थकणारं शरीर आणि मृत्यू.

आपल्या घरांत यातला एक तरी विषय मोठ्याने बोलला जातो का? पन्नाशीच्या बाईची चिडचिड ‘वयाचा परिणाम’ म्हणून उडवून लावली जाते. इथे तीच अस्वस्थता पूर्ण सन्मानाने गाण्यात उतरली आहे. गंमत म्हणजे तालासाठी नेहमीच्या ड्रमऐवजी प्लास्टिकचे डबे, लाकडी ड्रॉवर, पडद्यांनी भरलेलं खोकं असलं घरातलंच सामान वापरलं आहे. अल्बम उदास आहे, हे खरं. पण ऐकून मन जड होत नाही, उलट कुणीतरी आपलं ऐकून घेतल्यासारखं हलकं होतं. म्हणून पहिला क्रमांक निर्विवाद.

ऐकताना एवढं करा

इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून थांबू नका. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. शफल बंद करा, फोन पालथा ठेवा आणि घरच्यांना सांगून टाका की पुढचा अर्धा तास माझा आहे.

आणखी एक गोष्ट. स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार, मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. म्हणजे छोट्या कलाकाराचं गाणं तुम्ही ऐकलंत तरी कदाचित त्याच्या हाती काहीच पडणार नाही. एखादा अल्बम मनापासून आवडला, तर ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणी तो विकत घ्या. तिथे पैशांचा मोठा भाग थेट कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातो.

सहाच्या सहा ऐकायची गरज नाही. या रविवारी एकच निवडा. आणि तुमची क्रमवारी आमच्यापेक्षा वेगळी निघाली, तर समजा की तुम्ही खरंच सलग ऐकलंत.