गच्चीवर सोलर आहे, तरी लाईट गेली की घरात अंधार का होतो? बॅटरी आणि इन्व्हर्टरचं गणित समजून घ्या

भर दुपारची वेळ. डोक्यावर कडक ऊन. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलेलं. आणि तेवढ्यात लाईट जाते. शेजाऱ्यांचे पंखे बंद होतात, आणि सोलरवाल्यांच्या घरातलेही बंद होतात.

"एवढे पैसे घातले, मग हे सोलर कामाचं काय?" हा प्रश्न आता गावोगावी ऐकू येतो. कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये असं केंद्राचं अनुदान जाहीर झालं आणि घराघरांवर पॅनल चढायला लागले. पण यातल्या बहुतेक घरांत बसलं ते ऑन-ग्रीड सोलर. ते बिल कमी करण्यासाठी असतं. लाईट गेल्यावर घर चालवणं हे त्याचं काम नसतं.

मग बॅटरीवालं सोलर घ्यायचं तर काय बघायचं? आणि घेतल्यावर ते बिघडलं तर आधी कुठे हात घालायचा? सगळं टप्प्याटप्प्याने बघू.

लाईट गेली की सोलर मुद्दाम बंद होतं

ऑन-ग्रीड इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनकडे बघून चालतो. लाईनमध्ये २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ दिसले की तो आपली वीज त्यात मिसळतो. लाईन गेली की तो लगेच थांबतो. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात.

याचं कारण आहे खांबावर चढलेला वायरमन. लाईन बंद करून तो तारेला हात लावतो. त्याच वेळी एखाद्या घरातलं सोलर तारेत वीज ढकलत राहिलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून हे बंद होणं म्हणजे बिघाड नाही. ती सुरक्षेची सोय आहे आणि ती कुणी "जुगाड करून" काढून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

तीन प्रकार, तीन कामं

ऑन-ग्रीड : बॅटरी नाही. जास्तीची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते, बिल कमी होतं. लाईट गेली की बंद.

ऑफ-ग्रीड : पॅनल, बॅटरी आणि इन्व्हर्टर. शेतातलं घर, वस्ती, जिथे लाईनच नाही किंवा तिचा भरवसा नाही, तिथे हे चालतं. नेट मीटर नाही.

हायब्रीड : दोन्हीची सांगड. लाईट असताना नेट मीटरला वीज देतो. लाईट गेली की लाईनपासून स्वतःला तोडून घेतो आणि घरातल्या ठरावीक सर्किटना बॅटरी व पॅनलवर चालवतो.

ज्यांच्याकडे ऑन-ग्रीड आधीच बसलं आहे, त्यांनी ते काढून हायब्रीड लावायलाच हवं असं नाही. लाईट दोन-तीन तासच जात असेल तर साधा घरगुती इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. बॅटरी लाईनवर चार्ज होते आणि तेवढे युनिट सोलर भरून काढतं. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. ऑन-ग्रीड सोलरचं आउटपुट या घरगुती इन्व्हर्टरच्या लोडच्या बाजूला जोडायचं नाही. दोन्ही एकमेकांत वीज ढकलतात आणि घरगुती इन्व्हर्टर जळतो.

किती बॅटरी लागेल? कागदावर पाच मिनिटांचं काम

दुकानदार "दोन बॅटऱ्या टाका, मस्त चालेल" म्हणतो. त्याआधी स्वतः हिशोब करावा.

समजा लाईट गेल्यावर ४ तास हे चालवायचं आहे :

- ३ साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट : २२५ वॅट
- ४ एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट : ३६ वॅट
- टीव्ही : ७० वॅट
- वायफाय राउटर : १० वॅट

बेरीज झाली ३४१ वॅट. ४ तासांचे १३६४ वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून ०.८५ ने भागलं की साधारण १६०० वॅट-तास.

आता खरी मेख. पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १६०० हवे असतील तर ३२०० ची सोय पाहिजे. १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी १८०० वॅट-तासांची. म्हणून दोन बॅटऱ्या.

पण तेच तीन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर? एकूण लोड ३४१ वरून २०६ वॅटवर येतो. मग लागतात सुमारे ९७० वॅट-तास, आणि काम जवळपास एका बॅटरीत भागतं. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा विचार केलेला बरा.

लिथियम म्हणजे एलएफपी बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाणी घालावं लागत नाही आणि ती जास्त वर्षं टिकते. सुरुवातीचा खर्च मात्र जास्त. रोज वापर होणार असेल तर लिथियम परवडते. महिन्यातून दोनदाच लाईट जात असेल तर ट्यूब्युलर पुरे.

आता पॅनलचं गणित. महाराष्ट्रात १ किलोवॅटचं पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतं. वरच्या उदाहरणात बॅटरी परत भरायला चार्जिंगमधली गळती धरून २ युनिट लागतात. म्हणजे नुसत्या बॅटरीसाठी अर्धा किलोवॅट पॅनल हवं. दिवसाचा वापर त्यावर वेगळा.

आणि मोटर? १ एचपीची मोटर चालताना ७४६ वॅटच्या पुढे घेते, पण सुरू होताना तिला त्याच्या कित्येक पट करंट लागतो. म्हणून "१ केव्हीएचा इन्व्हर्टर आहे, १ एचपीची मोटर चालेल" हे गणित चुकतं. मोटर, गीझर, इस्त्री आणि एसी बॅकअपच्या बाहेरच ठेवावेत.

बसवताना या पाच गोष्टी बघाच

१. बॅकअपची वेगळी डीपी. हायब्रीड इन्व्हर्टरला बॅकअपचं आउटपुट वेगळं असतं. त्यावर जोडलेली सर्किटच लाईट गेल्यावर चालतात. फ्रीज, पंखे, दिवे कोणत्या लाईनवर आहेत हे वायरिंग करतानाच ठरवून घ्या.

२. डीसीची एमसीबी डीसीचीच हवी. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. पॅनलच्या लाईनला घरातली साधी एमसीबी लावली तर ठिणगी पेटतीच राहून आग लागू शकते.

३. अर्थिंग. वीजरोधक, पॅनल-स्ट्रक्चरची डीसी बाजू आणि एसी बाजू यांची अर्थिंग वेगवेगळी मागून घ्या. एकाच खड्ड्यात तिन्ही वायर टाकून मोकळं होणाऱ्यांची कमी नाही.

४. सावली. पाण्याची टाकी, शेजारचा जिना, डिश अँटेना यांची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या पूर्ण रांगेचं उत्पादन घसरू शकतं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. सकाळी नऊ आणि दुपारी तीनला गच्चीवर जाऊन सावली बघावी. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि सावली लांबते, तेही लक्षात ठेवावं.

५. बॅटरीची जागा. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हा वायू पेट घेतो. म्हणून बंद कपाट, देवघर किंवा गॅस शेगडीजवळची जागा नको. हवा खेळती हवी आणि ऊन लागायला नको.

सेटिंग चुकलं तर चांगली बॅटरीही मरते

इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडावा लागतो. बॅटरी लिथियम आणि सेटिंग ट्यूब्युलरचं, असं झालं तर चार्जिंगचे व्होल्ट चुकतात. ट्यूब्युलरला अधूनमधून दिलं जाणारं जास्त व्होल्टचं इक्वलायझिंग लिथियमला चालत नाही.

चार्जिंग करंटही बघावा. ट्यूब्युलरसाठी एएचच्या १० टक्के हा जुना आणि भरवशाचा नियम. १५० एएचला १५ अँपिअर.

तिसरं सेटिंग म्हणजे प्राधान्य. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये "एसबीयू" नावाचा पर्याय असतो. आधी सोलर, मग बॅटरी, मग लाईन. बिल वाचवायला हा मोड छान. पण संध्याकाळी ऊन गेलं की घर बॅटरीवर चालतं, रात्री नऊपर्यंत ती उतरते आणि दहाला लाईट गेली की इन्व्हर्टर टूं-टूं करत बंद पडतो. "बॅटरी खराब निघाली" अशा कित्येक तक्रारींचं मूळ इथे असतं. ज्यांना रात्रीच्या बॅकअपची काळजी आहे त्यांनी बॅटरी कितीवर आली की लाईनवर परत जायचं, ती मर्यादा वर उचलून ठेवावी.

बिघाड झाला? आधी हे तपासा

बॅकअप अचानक कमी झाला : आधी लोड बघा. नवीन फ्रीज किंवा कूलर त्या लाईनवर जोडला आहे का? मग ट्यूब्युलरचं पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या खुणेपर्यंतच. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर इन्व्हर्टर बंद करून तो साफ करा आणि पेट्रोलियम जेली लावा. दोन बॅटऱ्यांच्या जोडीत एकीचे व्होल्ट दुसरीपेक्षा बरेच कमी दिसत असतील तर दोष तिच्यात आहे. मात्र जुन्या बॅटरीसोबत नवी जोडली तर जुनी नवीलाही घेऊन बुडते.

ओव्हरलोड दाखवतो : सगळे स्विच बंद करा, इन्व्हर्टर पुन्हा चालू करा आणि एकेक उपकरण लावत जा. ज्याला हात लावल्यावर आवाज येतो, ते गुन्हेगार.

भर दुपारी ग्रीड ओव्हर व्होल्टेज : सोलर भरपूर, गावात वापर कमी, अशा वेळी लाईनचे व्होल्ट चढतात आणि इन्व्हर्टर थांबतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर हा त्रास वाढतो. मीटरजवळ आणि इन्व्हर्टरजवळ व्होल्ट मोजून घ्या. दोन्हीकडे जास्त असतील तर तक्रार महावितरणकडे, फक्त इन्व्हर्टरजवळ जास्त असतील तर केबल बदला.

पहिल्या पावसात इन्सुलेशनचा एरर : सकाळी दिसतो आणि ऊन पडल्यावर जातो, म्हणजे कुठेतरी जोडात पाणी शिरलंय किंवा उंदरांनी केबल कुरतडली आहे. सारखं रीसेट करत बसू नका, तंत्रज्ञ बोलवा.

इन्व्हर्टरवर गेलं की आरसीसीबी पडते : बॅकअपच्या सर्किटचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या न्यूट्रलमध्ये मिसळला असण्याची दाट शक्यता. जुन्या वायरिंगमध्ये हे हमखास सापडतं. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही, न्यूट्रल वेगळा करणं हा आहे.

उन्हाळ्यात वीज कमी : विदर्भातल्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंशांचे असतात आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. म्हणजे १४ टक्के वीज नुसत्या उष्णतेने गेली. वर धूळ असेल तर आणखी. पॅनल सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

इथे हात लावायचा नाही

घरातला स्विच बंद केला की दिवा बंद होतो. पॅनलचं तसं नाही. ऊन आहे तोवर त्यात व्होल्ट असतातच. ५४० वॅटची ६ पॅनल एका रांगेत असतील तर वायरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. तो जीवघेणा आहे. म्हणून चालू सिस्टिममध्ये पॅनलचे एमसी४ कनेक्टर ओढून काढू नयेत. बॅटरीचा पाना वापरताना हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवावं, कारण दोन टर्मिनलना धातू टेकला तर क्षणात लाल होतो.

ऑफ-ग्रीडमध्ये बंद करताना आधी लोड, मग पॅनल, शेवटी बॅटरी. चालू करताना आधी बॅटरी, मग पॅनल, मग लोड. हायब्रीडचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो कागदावर लिहून इन्व्हर्टरशेजारी चिकटवून ठेवा. लाईट गेलेली असते, घरात फक्त आजी-आजोबा असतात, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

थोडक्यात, फक्त बिल कमी करायचं असेल तर ऑन-ग्रीड पुरेसं आहे. लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर "किती वॅट आणि किती तास" हे दोन आकडे आधी कागदावर काढा आणि मगच दुकानाची पायरी चढा.