नमुन्याचा चौकोन
घरी विणणाऱ्याची प्रगती पुऱ्या झालेल्या स्वेटरांवरून मोजू नये. स्वेटर सुरू करण्याआधी टाके मोजायला नमुन्याचा चौकोन विणण्याइतका धीर आला का, ते पाहावं. हिशेब साधा आहे. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसायला हवेत आणि हात सैल असल्यानं २०च बसले, तर २०० टाक्यांचा घेर ९१ऐवजी १०० सेंटिमीटर होतो. भाच्यासाठी विणलेला स्वेटर मग काकांना जातो! नमुन्यात लोकर वाया जाते ही तक्रार टिकत नाही. तो उसवून तीच लोकर पुन्हा वापरता येते. क्रोशाचंही तेच. वेळ जातो, हे मात्र खरं. शिवणात ही उसवण्याची सवलत अर्धीच: टीप उसवते, कापलेलं कापड जुळत नाही. म्हणून ब्लाउजपीसला कात्री लावण्याआधी तोच बेत जुन्या साडीच्या तुकड्यावर शिवून पाहतात.