सबक ऐकायचा तर कोणता इअरफोन?

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मोबाईल दुकानांत आता वायरचा इअरफोन मागच्या फळीवर गेला आणि बिनवायरीच्या इअरबड्सच्या डब्या पुढे आल्या. नात, क्रिकेट, व्हिडिओ यांपुरते आमचे काही म्हणणे नाही. पण लॉकडाऊनपासून कितीतरी घरांत मुलांचा कुरआनचा सबकही मोबाईलवर सुरू झाला. तिथे मात्र जुन्या-नव्याच्या आवाजातला फरक महागात पडू शकतो.

नुसते ऐकायला नवे इअरबड्स चांगलेच. रबरी टोपीमुळे ते कानात घट्ट बसतात, खर्जाचा आवाज भरून येतो. मिसरचे कारी अब्दुल बासित (१९२७-१९८८) यांची किराअत आपल्या वडीलधाऱ्यांनी कॅसेटवर ऐकली. यावर ती अधिक भरदार वाटते. काही स्वस्त इअरबड्स खर्ज फारच वाढवतात, तेवढे दुकानात लावून पाहावे.

घोटाळा होतो तो माइक चालू झाल्यावर. ब्लूटूथवर एकाच वेळी ऐकायचे आणि बोलायचे म्हटले की बहुतेक इअरबड्स कॉलच्या पद्धतीवर जातात. जुन्या पद्धतीत आवाज सुमारे ४,००० हर्ट्झच्या वर जातच नाही, सुधारित पद्धतीत ८,००० पर्यंत. आणि 'सीन', 'से', 'फे' यांना वेगळे करणारी बारीक फुसफुस बरीचशी ४,००० च्या वरच असते! साद जाड असल्याने शेजारच्या स्वरावरून तरी कळतो, पण से आणि सीन एकच ऐकू येतात. 'कसीर' हा शब्द 'से'ने लिहिला तर अर्थ पुष्कळ, 'सीन'ने लिहिला तर मोडलेला. उस्ताद बरोबर म्हणतात, मूल चुकीचे ऐकते, आणि मुलाची चूक उस्तादांपर्यंत पोहोचत नाही. दोघांचाही दोष नाही. कच्चे मखरज मात्र पुढे सुधारायला वर्षे लागतात, हे मदरशात शिकवणारा कोणीही सांगेल.

वायरच्या इअरफोनमध्ये ही कात्री लागत नाही. म्हणून आमचे मत असे की सबकाला वायरचाच ठेवावा. मोबाईलला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा मिळतो. लॅपटॉपवर शिकत असाल तर सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडावा, इअरबड्स ऐकण्यापुरते राहू द्यावेत. आवाज पुन्हा मोकळा होतो. एलई ऑडिओ नावाच्या नव्या ब्लूटूथमध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे, पण ते मोबाईल आणि इअरबड्स दोन्हींत असावे लागते.

एका बाबतीत जुना सैल इअरफोन हरतो. एसटीत बाहेरचा गोंगाट आत येतो, म्हणून मुले आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. तेव्हा प्रवासात सबक नको. रस्त्याने चालताना तर कानात काहीच नको, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

खात्री करायची असेल तर घरी एकदा मुलाला दोन्ही लावून तीच आयत व्हिडिओ कॉलवर म्हणायला लावा आणि दुसऱ्या खोलीत बसून तुम्ही ऐका.