मुलाच्या मापाची खुर्ची

मुलांच्या शिक्षणावर खर्च करताना आज आपल्या व्यापारी समाजात कोणी हात आखडता घेत नाही. शाळेची फी, शिकवणी, पुस्तके, संगणक या सर्वांची तजवीज आपण आनंदाने करतो. परंतु ज्या आसनावर बसून मूल हा सारा अभ्यास करते, त्या आसनाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. बहुतेक घरांत मूल जेवणाच्या मेजाशी, मोठ्यांच्या खुर्चीवर बसून लिहिते. पाय अधांतरी लोंबत असतात, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि नाक वहीला टेकण्याच्या बेतात असते. येता-जाता घरातील वडीलधारी मंडळी “अरे, ताठ बस” म्हणून दटावतात. मूल क्षणभर ताठ होते आणि पुन्हा वाकते. मग आपण निर्णय देतो की, याला बसण्याची शिस्त नाही. आमचे नम्र म्हणणे असे आहे की, हा निवाडा बहुधा चुकीचा असतो. दोष मुलाचा नसून खुर्चीचा असतो.

आम्ही वैद्य नव्हे, सुतारही नव्हे. आमचे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात गेले. परंतु माप आणि वजन हा आमचा रोजचा विषय आहे, आणि खुर्चीची निवड ही मुख्यतः मापाचीच बाब आहे. म्हणूनच या स्मरणिकेतून आमच्या बंधुभगिनींपुढे हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहोत.

शब्दाचा अर्थ

हल्ली दुकानातील प्रत्येक खुर्चीवर ‘अर्गोनॉमिक’ अशी चिठ्ठी लावलेली असते. हा शब्द ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून बनला आहे : ‘एर्गोन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. इ. स. १८५७ मध्ये यास्त्शेंबोव्स्की नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने तो प्रथम वापरला. माणसाने वस्तूप्रमाणे वाकावयाचे नाही, तर वस्तू माणसाच्या शरीराप्रमाणे घडवावयाची, हे या शास्त्राचे सार होय. यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल की, ‘अर्गोनॉमिक’ हा खुर्चीचा स्वतंत्र गुण नव्हे. ती कोणासाठी, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच नाही. वडिलांना उत्तम असलेली खुर्ची आठ वर्षांच्या मुलीस अत्यंत वाईट असू शकते.

नॉर्वे देशातील पीटर ऑप्सविक यांनी ही गोष्ट फार चांगली ओळखली. लहान मुलाला मोठ्यांच्या मेजाशी नीट बसता येईल अशी खुर्ची नाही, हे त्यांनी आपल्या घरातच पाहिले. इ. स. १९७२ मध्ये त्यांनी केलेली ‘ट्रिप ट्रॅप’ नावाची लाकडी खुर्ची बाजारात आली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना खाचा आहेत. बसण्याची फळी आणि पाय टेकण्याची फळी, या दोन्ही त्या खाचांतून वर-खाली करता येतात. मूल वाढते, तशी फळी खाली सरकते. त्यात ना गादीचा थाट, ना चाकांचा डौल. परंतु पायांना आधार हवा, हे मर्म त्यात नेमके साधले आहे.

पाय लोंबले तर काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. बैठकीची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूस रुतते आणि पायांना मुंग्या येतात. ते टाळण्यासाठी मूल पुढे सरकून कडेवर बसते. पुढे सरकले की पाठीचा आधार सुटतो, कंबर मागे कलते आणि पाठीस पोक येतो. म्हणजे वाकणे हा आळस नव्हे. शरीराने शोधलेली ती पळवाट आहे.

हिशेब सेंटीमीटरांचा

युरोपात शाळेच्या खुर्च्या व मेजे यांच्यासाठी ‘ई. एन. १७२९’ या नावाचे मानक इ. स. २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वयाऐवजी उंचीप्रमाणे मापे ठरविली आहेत. १०८ ते १२१ सें. मी. उंचीच्या मुलास खुर्ची ३१ व मेज ५३ सें. मी.; ११९ ते १४२ उंचीस खुर्ची ३५ व मेज ५९; १३३ ते १५९ उंचीस ३८ व ६४; १४६ ते १७६ उंचीस ४३ व ७१; आणि १५९ ते १८८ उंचीस ४६ व ७६. मापे एकमेकांत थोडी मिसळलेली आहेत, कारण समान उंचीच्या दोन मुलांचे पाय समान लांबीचे असतातच असे नाही.

आता आपल्या घरातील जेवणाचे मेज मोजावे. ते साधारणपणे ७५ सें. मी. उंच आणि त्याची खुर्ची ४५ सें. मी. भरेल. म्हणजे ही जोडी पूर्ण वाढलेल्या माणसाची झाली. आपला आठ-नऊ वर्षांचा मुलगा १३० सें. मी. उंच असेल, तर त्याला खुर्ची १० सें. मी. उंच पडते आणि मेज १६ सें. मी. उंच पडते. तिकडील शाळांत मुले बूट घालून बसतात, आपल्याकडे घरात अनवाणी बसतात. म्हणून खुर्चीचे माप आपण आणखी एक-दोन सें. मी. कमीच धरावे. आपल्या पेढीवरचे मेज आपल्या छातीपर्यंत आले, तर आपण एक दिवस तरी जमाखर्च लिहू काय? मुलाकडून मात्र आपण वर्षानुवर्षे तीच अपेक्षा करतो.

येथे व्यापाऱ्याच्या काटकसरीचा एक प्रश्न उभा राहतो. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, मग खुर्चीही वाढत्या अंगाची का घेऊ नये? त्याचे उत्तर असे की, सदऱ्याची बाही दुमडता येते, विजारीस दुमड घालता येते. खुर्चीचा पाय दुमडता येत नाही. लहानपणी मूल वर्षाला पाच-सहा सें. मी. वाढते आणि वयात येताना त्याहूनही झपाट्याने वाढते. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ते वरीलपैकी तीन मापांतून जाते. म्हणून खरी काटकसर मोठी खुर्ची घेण्यात नसून, खाली-वर करता येणारी खुर्ची घेण्यात आहे. एकत्र कुटुंबात दोन भावंडांना एकच खुर्ची वापरावयाची असेल, तर प्रत्येकाच्या मापाची खूण खुर्चीच्या खांबावर रंगाने करून ठेवावी; म्हणजे भांडणही नको आणि अंदाजही नको.

घरी घ्यावयाची चार मापे

दुकानात जाण्यापूर्वी शिंप्याची फीत घेऊन मुलाची चार मापे घ्यावीत आणि कागदावर टिपावीत.

पहिले माप बैठकीच्या उंचीचे. मुलाला अनवाणी, लहान स्टुलावर असे बसवावे की मांड्या जमिनीस समांतर राहतील आणि तळवे पूर्ण टेकतील. जमिनीपासून गुडघ्याच्या मागील खोबणीपर्यंत जे अंतर भरेल, तितकी किंवा त्याहून बोटभर कमी अशी बैठकीची उंची असावी.

दुसरे माप बैठकीच्या लांबीचे, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतराचे. हे बहुतेक जण विसरतात. पाठ मागे टेकल्यावर गुडघ्याची खोबण आणि बैठकीची कड यांमध्ये दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. वरील मानकात १३० सें. मी.च्या मुलास ही लांबी ३० सें. मी. आहे, तर मोठ्यांस ४२. उंची कमी करता येणारी, परंतु बैठक लांबच लांब असलेली खुर्ची मुलाच्या पाठीस कधीच पोहोचत नाही.

तिसरे माप मेजाचे. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकविले असता, कोपराच्या पातळीवर किंवा त्याहून दोन-तीन सें. मी. वर मेजाचा पृष्ठभाग यावा. खुर्ची आणि मेज ही जोडी आहे. एकाचे माप सोडून दुसरे घेणे म्हणजे काट्याचे एकच पारडे पाहण्यासारखे आहे.

चौथे माप पाठीच्या आधाराचे. कमरेच्या वर पाठीस जो आतला बाक असतो, तेथे आधाराचा फुगीर भाग टेकला पाहिजे. बैठकीपासून त्या बाकापर्यंतचे अंतर मोजावे. मोठ्यांच्या खुर्चीत हा फुगवटा मुलाच्या पाठीच्या फार वरच्या भागावर येतो आणि त्याला उलट पुढे ढकलतो.

दुकानातील परीक्षा

पोत्यावरचा छाप पाहून आपण धान्याचा सौदा करीत नाही. मूठभर वानगी तळहातावर घेतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहतो. तोच न्याय येथे लावावा. मुलाला बरोबर न्यावे, वही-पेन्सिल न्यावी आणि दहा-पंधरा मिनिटे त्याला त्या खुर्चीवर लिहावयास लावावे. विक्रेत्यास पहिला प्रश्न असा विचारावा की, ही खुर्ची सर्वांत खाली किती सेंटीमीटरपर्यंत येते? मोबाईलवरून घरबसल्या मागवावयाची असेल, तर हाच आकडा आधी पाहावा आणि परत करण्याची सोय आहे की नाही, हे नंतर पाहावे.

चाके असलीच तर तळाला पाच पाय असावेत. चार पायांची फिरती खुर्ची कलंडण्याचा संभव अधिक. लहान मुलांच्या खुर्चीस चाकांपेक्षा स्थिर पाय बरे, अथवा भार पडताच अडणारी चाके असावीत; नाहीतर अभ्यास राहतो आणि खोलीभर फेऱ्या सुरू होतात. वायूच्या नळीवर वर-खाली होणारी खुर्ची असेल, तर मुलाच्या वजनाने ती खाली दबते की नाही, हे त्यालाच बसवून पाहावे. मोठ्यांच्या खुर्च्या हलक्या मुलास पुष्कळदा दाद देत नाहीत. हात ठेवण्याचे दांडे मेजाखाली जाणारे असावेत, नाहीतर ते नसलेलेच बरे. बैठकीची पुढची कड गोल उतरती असावी. बैठक फार मऊ नको; रुतणाऱ्या गादीत कंबर मागे कलते. आच्छादनाच्या बाबतीत, चामडे आपल्या घरांत चालत नाही आणि रेक्झिनवर उन्हाळ्यात घाम येतो. म्हणून जाड सुती कापड किंवा जाळीचे कापड उत्तम. मोटारशर्यतीच्या आसनासारख्या दिसणाऱ्या, डोक्यामागे उशी असलेल्या खुर्च्यांचा मुले हट्ट धरतात. त्या बहुधा मोठ्यांच्या मापाच्या असतात. हट्ट पुरवण्यापूर्वी वरील चार मापे लावून पाहावीत.

नवी खुर्ची घेणे शक्य नसेल तर

प्रत्येकाने नवी खुर्ची घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. घरात आहे ती खुर्चीही पुष्कळ सुधारता येते. मेज खाली येत नसेल, तर घट्ट घडी केलेली गोधडी बैठकीवर घालून मुलाला वर उचलावे. पाठीमागे लहान तक्क्या ठेवून बैठकीची लांबी कमी करावी. आणि पायांखाली घरातील पाट ठेवावा. एक पाट कमी पडला तर दोन, परंतु ते सरकणार नाहीत असे ठेवावेत. खानापूर-दांडेलीकडील सागवानात काम करणारा ओळखीचा सुतार असेल, तर कागदावरील चार मापे त्याच्या हाती द्यावीत. खाचांची खुर्ची त्याला अवघड नाही.

आपल्या जुन्या पेढ्यांवर मुनीमजी मांडी घालून ज्या उतरत्या झाकणाच्या बैठ्या डेस्कावर लिहीत, त्यातही एक शहाणपण होते. डेन्मार्कचे शल्यवैद्य मांडाल यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात असे दाखवून दिले की, लिहिताना मुले खुर्ची पुढच्या पायांवर झुकवतात. याचा अर्थ ती खोडी काढतात असा नसून, त्यांच्या कंबरेला तसे बसणे सोयीचे वाटते. बैठक किंचित पुढे उतरती आणि मेजाचा पृष्ठभाग लिहिणाऱ्याकडे उतरता असावा, असा त्यांचा आग्रह होता. मेजावर तिरपी फळी ठेवली की वही डोळ्यांजवळ येते आणि मान कमी वाकते. अडगळीत पडलेले पेढीवरचे डेस्क कोणाच्या घरी असेल, तर ते नातवंडांच्या उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कितीही उत्तम खुर्ची असली, तरी तीवर तासन् तास अचल बसणे शरीरास मानवत नाही. अर्ध्या तासाने मुलाने उठावे, पाणी प्यावे, वाचन जमिनीवर मांडी घालून करावे, पाठांतर येरझाऱ्या घालीत करावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ किंवा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परीक्षेच्या दिवसांत आपण प्रथम हाच तास कापतो, हे योग्य नव्हे. तसेच पाठदुखी टिकून राहिली, किंवा एक खांदा दुसऱ्याहून वर दिसू लागला, तर खुर्ची बदलत न बसता मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

दिवाळीच्या सुमारास आपण मालाची मोजदाद करतो, वह्यांचे पूजन करतो. त्याच दिवशी मुलांनाही भिंतीशी उभे करून त्यांची उंची नोंदवावी आणि खुर्ची त्याप्रमाणे लावून घ्यावी. दुसरी मोजणी शाळा उघडण्यापूर्वी करावी. वर्षातून दोनदा पाच-दहा मिनिटांचे हे काम आहे. फीत घरात आहे, पाट घरात आहे. आमच्या बांधवांनी ही मोजणी याच वर्षी सुरू करावी, इतकीच आमची विनंती आहे.