मद्याविना मैत्री : यॉर्कशायर पुडिंगच्या निमित्ताने

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून, तर कोणी स्वतःच्या हिमतीवर, आपल्या समाजातील मुलेमुली इंग्लंडमधील विद्यापीठांत शिकावयास जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. प्रवेश, व्हिसा, थंडीचे कपडे यांविषयी त्यांना मार्गदर्शन मिळते. परंतु एका प्रश्नाविषयी सहसा कोणी बोलत नाही. तेथील सामाजिक जीवनात मद्याला मोठे स्थान आहे. अशा ठिकाणी पंचशील पाळणाऱ्याने माणसे कशी जोडावीत?

हा प्रश्न किरकोळ नाही. तास संपल्यावर वर्गमित्र, पुष्कळदा शिक्षकही, पबमध्ये जमतात. अभ्यासाची चर्चा, नोकरीची बातमी, ओळखीपाळखी तेथेच होतात. जो मुळीच जात नाही तो खोलीत एकटा पडतो. जो संकोचाने पहिला पेला हाती घेतो, त्याला दुसरा नाकारणे अधिकच अवघड जाते. दारूने घर कसे बसते हे आपल्या वस्त्यांतील मायबहिणींना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

सोबती आणि मित्र

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत : धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची हानी. त्याच सुत्तात आणखी एक मार्मिक भेद केला आहे. जो केवळ पिण्यापुरता सोबती असतो, तो मित्र नव्हे. याचा अर्थ पिणाऱ्या प्रत्येक माणसाशी संबंध तोडावा असा नाही. पेला बाजूला ठेवला तरी ही ओळख टिकते काय, एवढे पाहावे. हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांना आपल्याकडे जेवावयास बोलावणे. आणि इंग्लंडमध्ये, विशेषतः लीड्स, शेफील्ड, यॉर्क या भागांत, ज्या पदार्थाने कोणाचाही चेहरा खुलतो तो म्हणजे यॉर्कशायर पुडिंग.

हे पुडिंग गोड नव्हे

नावावरून फसू नये. मैदा, अंडी, दूध व मीठ यांच्या पातळ पिठाचा हा फुगलेला, कुरकुरीत, मध्ये खळगा असलेला पदार्थ आहे. पूर्वी चुलीसमोर मांस भाजताना खाली ठिबकणाऱ्या चरबीच्या भांड्यात हे पीठ ओतीत. १७३७ सालच्या एका पाकपुस्तकात तो ‘ड्रिपिंग पुडिंग’ या नावाने येतो. १७४७ मध्ये हॅना ग्लास या लेखिकेने त्यास यॉर्कशायरचे नाव दिलेले आढळते. मांस महाग असल्यामुळे आधी ग्रेव्हीबरोबर हे पुडिंग वाढून भूक मारण्याची रीत होती. थोडक्यात, हा काटकसरीने संसार करणाऱ्या घरांचा पदार्थ आहे. आपल्याला तो परका वाटू नये.

कृती

साहित्य : मैदा १४० ग्रॅम, अंडी ४, दूध २०० मिलिलिटर, चिमूटभर मीठ, सूर्यफुलाचे तेल. यात मध्यम आकाराची आठ पुडिंगे होतात.

मैद्यात अंडी फेटून गुठळ्या मोडाव्यात. मग थोडे थोडे दूध घालून धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ पीठ करावे व अर्धा तास झाकून ठेवावे. खळग्यांच्या पत्र्याच्या साच्यात प्रत्येकी चमचाभर तेल घालून तो २२० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये दहा ते पंधरा मिनिटे ठेवावा. तेल चांगले कडकडीत हवे. पीठ ओतताच चर्र आवाज आला पाहिजे. झटपट ओतून दार लावावे आणि वीस ते पंचवीस मिनिटे ते मुळीच उघडू नये.

यात सोडा नाही, यीस्ट नाही, आपल्या अप्प्यांसारखे आंबवणेही नाही. मग ते फुगते कसे? कडकडीत तेलाने कडा लगेच धरतात, पिठातील पाण्याची वाफ होऊन ती आतून वर ढकलते आणि अंड्यातील प्रथिने घट्ट होऊन तो आकार टिकवतात. कडा घट्ट होण्याआधी दार उघडले तर गार हवेने वाफ निवते व पुडिंग बसते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये पुडिंग किमान चार इंच उंच हवे असे जाहीर केले होते. आपले तीन इंच झाले तरी पाहुणे नाराज होत नाहीत.

सोबत भाजलेले बटाटे, गाजर, वाटाणे आणि कांद्याची ग्रेव्ही करावी. आपली मसूर आमटी खळग्यात घातली तरी उत्तम लागते. निमंत्रण देतानाच मोकळेपणाने सांगावे, “माझ्याकडे दारू नसते, जेवण मात्र पोटभर मिळेल.” यजमान आपण असल्यावर पेला नाकारण्याची वेळच येत नाही.

पबमध्ये जाताना

काही गोष्टी ठाऊक असाव्यात. इंग्लंडमध्ये ‘सायडर’ म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, ते मद्य आहे. ‘शँडी’त बिअर असते. मासळीच्या तळणीच्या पिठात बिअर, ग्रेव्हीत वाइन, ट्रायफलमध्ये शेरी आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये ब्रँडी असू शकते, विचारून घ्यावे. ‘अल्कोहोल फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते. लाइम-सोडा कोठेही मिळतो. तो हाती असला की कोणी आग्रह करीत नाही.

तेथे ‘राउंड’ची प्रथा आहे : एकाने सर्वांसाठी घ्यायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने. ज्याला दुसऱ्यासाठी मद्य विकत घेणे प्रशस्त वाटत नाही, त्याने आरंभीच नम्रपणे “माझे मी घेतो” म्हणावे आणि चिप्सची बशी सर्वांत मिळून मागवावी. कारण विचारल्यास “मी पीत नाही” हे तीन शब्द पुरेत. उपदेश करू नये, खोटे आजारपणही सांगू नये. शील पाळण्यासाठी असत्य बोलणे हे दुसरे शील मोडणेच होय. बोलणे सैल होऊन आवाज चढू लागले की हसतमुखाने निरोप घ्यावा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, व्रत पाळायचे म्हणजे माणसांपासून दूर पळायचे असे नव्हे. आठ पुडिंगे भाजा, सात जणांना बोलवा. जे पुन्हा येतील ते तुमचे मित्र. जे येणार नाहीत, त्यांच्यासाठी पेला उचलण्याचे तुम्हाला कधीच कारण नव्हते.